पिकअपचा ब्रेक घाटात स्पंजी होतो, हवा काढली की आठ दिवस बरा, परत तेच – कारण, आणि सहा महिन्यांनी मिटलेला त्रास

ज्यांच्याकडे पिकअप आहे आणि ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा काढून काढून जीव कंटाळलाय त्यांच्यासाठी लिहितोय. लांबलंय, पण माझे सहा महिने आणि बरेच पैसे यात गेलेत, त्यामुळे अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

गाडी डिझेल पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम, आठ वर्षं जुनी, १,८०,००० किमी झालेली. काम टोमॅटोचं. नारायणगावला माल भरायचा, आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरायचा, मुरबाडवरून कल्याण नाहीतर पुढे वाशी. क्रेट २० किलोचं, पासिंगच्या, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या वजनाच्या, हिशोबात ७० एक क्रेट बसतात, सीझनला भाव असला की ९० पण चढतात, खोटं कशाला बोला.

त्रास असा की रिकामी गाडी असली, सपाटीला असली की ब्रेक एकदम ठीक. माल भरून घाटाला लागलो की पाच-सहा वळणांनंतर पेडल मऊ पडायचं, ओल्या गादीवर पाय दिल्यासारखं, मग हळूहळू लांब जायला लागायचं, दोनदा पंप केलं की वर यायचं. खाली उतरून अर्धा तास गाडी उभी केली की पेडल परत जवळपास जागेवर. आणि गॅरेजला नेईपर्यंत तर काहीच नसायचं. फिटर दोनदा पेडल दाबून बघणार आणि म्हणणार, शेठ ब्रेक तर चांगलाय, हवा काढून देतो. हवा काढली की आठ दिवस खरंच बरं वाटायचं, नवव्या दिवशी परत तेच.

कारण कळायच्या आधी काय काय बदललं ते सांगतो म्हणजे तुम्ही तरी त्या वाटेने जाऊ नका. चार वेळा हवा काढली. पुढचे पॅड बदलले, ते तीन महिन्यांत परत अर्धे झाले, तेव्हाच डोक्यात घंटी वाजायला पाहिजे होती पण नाही वाजली. मास्टर सिलेंडरचं (पेडलचा दाब ऑइलला देणारा पंप) आधी किट टाकलं, मग अख्खा मास्टर सिलेंडरच नवीन टाकला. एकाने सांगितलं बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) गेलाय, तो पण बदलणार होतो, बरं झालं त्या दिवशी दुकानात मिळाला नाही. पुढच्या डिस्क लेथवर टर्निंग करून आणल्या. प्रत्येक वेळी गाडी चालवून बघायची ती गॅरेजपासून पेट्रोल पंपापर्यंत आणि परत, रिकामी. तिथे काय कळणार, डोंबल?

मग श्रावणातला रविवार उजाडला. माळशेजला श्रावणात रविवारी कोण असतं ते सगळ्यांना माहितीये, धबधबा दिसला की लोक गाडी होती तिथेच थांबवतात आणि मोबाईल काढतात. धुकं होतं, माझ्या गाडीत ८० क्रेट, तिसऱ्या गिअरला उतरत होतो, पुढची कार वळणावरच थांबली. मी पेडल दाबलं ते थेट फ्लोअरला. पंप केलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी थांबली तेव्हा माझ्या बंपरात आणि त्यांच्या डिकीत वीतभर अंतर होतं. कारमधल्या काकूंना काही कळलंपण नाही, त्या खिडकीतून हात बाहेर काढून पावसाचं पाणी झेलत होत्या. माझे पाय मात्र लटपटत होते.

पहिल्या गिअरला रांगत खाली उतरलो आणि पहिल्याच चहाच्या टपरीवर गाडी लावली. तिथे एक म्हातारा टेम्पोवाला बसलेला, मी चहावाल्याला हकीकत सांगत होतो ती त्याने ऐकली. काही न बोलता उठला, पाण्याचा ग्लास घेतला, बोटं बुडवली आणि पुढच्या चाकाच्या रिमवर चार थेंब शिंपडले. चर्र झालं, लगेच वाफ. दुसऱ्या बाजूला, तेच. मग मागे गेला, मागच्या ड्रमवर शिंपडलं. काहीच नाही, थेंब नुसता ओघळला आणि खाली लोंबकळत राहिला. दुसऱ्या बाजूला पण तसंच. माझ्याकडे बघून म्हणाला, "मागची दोन चाकं बिगर तिकिटाची चाललीत तुझी."

मग वाकून गाडीखाली बघितलं, मोबाईलची बॅटरी मारायला सांगितली आणि एकच प्रश्न विचारला, "पाटे कधी वाढवले?"

पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या. मे महिन्यात वाढवले होते. सीझनच्या आधी मागच्या दोन्ही बाजूला दोन-दोन पाटे जास्तीचे टाकून घेतले होते, गाडी मागून बसू नये म्हणून. आमच्याकडे सगळेच टाकतात. आणि ब्रेकची पहिली तक्रार जूनची. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असेल हे मला तोपर्यंत एकदाही सुचलं नाही, ना एकाही फिटरला. वर सहा महिने म्हटलं ते पुढचे तीन पण धरून, कारण दोष कळला तरी पूर्ण दुरुस्त व्हायला नोव्हेंबर उजाडला, ते पुढे येतंच.

आता मुद्द्याचं. बऱ्याच पिकअपला आणि छोट्या टेम्पोला मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, कंपनीचं नाव लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, एलएसपीव्ही. गॅरेजला कोणी लोड व्हॉल्व्ह म्हणतं, कोणी नुसता "तो मागचा व्हॉल्व्ह". हा चेसीला बसवलेला असतो, आणि त्याच्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग निघून मागच्या एक्सलच्या हाउसिंगला जोडलेली असते. काम साधं आहे. गाडी रिकामी असली की मागे वजन नसतं, तिथे पूर्ण ब्रेक दिला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल, म्हणून व्हॉल्व्ह मागे जाणारं प्रेशर कमी ठेवतो. माल भरला की पाटे दबतात, चेसी एक्सलच्या जवळ येते, दांडी व्हॉल्व्हचा आर्म हलवते आणि मागे जास्त प्रेशर सोडलं जातं. म्हणजे व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त चेसी आणि एक्सलमधलं अंतर कळतं.

आता पाटे वाढवले की काय होतं? माल भरला तरी गाडी फारशी बसत नाही. ७० क्रेट चढवले तरी चेसी जवळपास रिकाम्या गाडीइतकी उंच. व्हॉल्व्हच्या हिशोबाने गाडी रिकामीच आहे, तर तो बिचारा मागचा ब्रेक दाबूनच धरतो. सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. म्हणूनच पॅड तीन महिन्यांत अर्धे, म्हणूनच घाटात पुढची चाकं तापणार, आणि म्हणूनच सपाटीवर रिकाम्या गाडीत काहीच दोष दिसणार नाही.

किती तापतं याचा मी नंतर बसून हिशोब केला, पोराच्या फिजिक्सच्या पुस्तकातलं सूत्र घेऊन. माल धरून ३२०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरली तर साधारण ४.४ युनिट विजेइतकी उष्णता तयार होते. ५० लिटर पाण्याचा बंब गार पाण्यापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी. यातली बरीचशी इंजिनने आणि हवेने खाल्ली पाहिजे, उरलेली चार चाकांत वाटली गेली पाहिजे. माझ्याकडे ती दोनच चाकांत जात होती, आणि मी तिसऱ्या गिअरला उतरायचो ते वेगळंच. ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतर हे आम्हाला लायसनच्या आधीपासून सांगितलेलं, पण भाव मिळायच्या घाईत कोण ऐकतो. न्यूट्रलला उतरवणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही.

आता तापलं तर पेडल मऊ का पडतं? ब्रेक ऑइल, म्हणजे पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारं तेल, हवेतलं पाणी शोषून घेतं, होजच्या (चाकाकडे जाणारी रबरी नळी) रबरातूनपण थोडं थोडं जातं, ऑइलच्या डबीच्या झाकणातूनपण. आपल्याकडे पावसाळ्यात आणि कोकणपट्टीत तर विचारायलाच नको. नवीन डॉट ३ ऑइल (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला नवीन असताना २३०, पाणी मुरल्यावर १५५. कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ऑइल त्याच्या वर गेलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय गादीवर गेल्यासारखा वाटतो. गार झालं की वाफेचं परत पाणी, पेडल जागेवर. फिटरला काय दिसणार? हवा काढताना पुढच्या कॅलिपरमधलं थोडं जुनं ऑइल बाहेर पडायचं, नवीन आत यायचं, म्हणून आठ दिवस बरं वाटायचं. डबीतलं ऑइल मी नंतर पांढऱ्या कपात ओतून बघितलं, कोऱ्या चहासारखं काळपट. शेवटचं पूर्ण कधी बदललं होतं ते आठवलंच नाही. दोन वर्षांनी बदला असं पुस्तकात छापलेलं असतं, घाटात माल ओढणाऱ्याने मी म्हणतो दर वर्षी पावसाळा संपला की बदलावं, ऑइल काही फार महाग नसतं.

तर तुमच्या गाडीला असाच त्रास असेल तर आधी पार्ट बदलायच्या नादाला लागू नका. पेडल कसं वागतंय ते नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. मऊ म्हणजे दाबलं की स्प्रिंगसारखं लागतं, ते हवा किंवा वाफ, नाहीतर जुना फुगणारा होज. लांब पण कडक, म्हणजे अर्ध्यापर्यंत काहीच नाही आणि मग घट्ट, दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं, ते बहुतेक मागचे शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमपासून लांब गेलेत. पाय ठेवून धरलं की पेडल हळूहळू खाली बसत जातं, बाहेर कुठे लीकेज नाही, तर मास्टर सिलेंडरचं आतलं रबर. आणि पेडल दगडासारखं कडक, पायात ताकद लावली तरी गाडी थांबत नाही, तर बूस्टरकडे बघा. त्याची टेस्ट फुकटची आहे: इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल दाबा, मग दाबून धरूनच स्टार्टर मारा, इंजिन चालू होताच पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर आधी व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बघा, डिझेलला व्हॅक्यूम पंप वेगळा असतो, बऱ्याच गाड्यांत डायनामोच्या मागेच, तो पण बघा, बूस्टर सगळ्यात शेवटी. माझी टेस्ट पहिल्याच दिवशी पास होत होती, तरी मी बूस्टर आणायला निघालो होतो, काय बोलायचं.

एक कमी लोकांना माहिती असलेलं. खड्ड्यातून किंवा जोरात वळण घेऊन आल्यावर पहिल्यांदा पेडल लांब आणि दुसऱ्यांदा बरोबर, असं होत असेल तर पुढच्या चाकाचं बेअरिंग हलवून बघा. चाक जॅकवर उचलायचं, टायर वर आणि खाली धरून हलवायचं. बेअरिंगला खेळ असला की डिस्क वाकडी हलते आणि पॅडला मागे ढकलते, मग पहिल्या वेळेला पिस्टनला तेवढं अंतर परत यावं लागतं. हे हवा काढून जन्मात जाणार नाही.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या फिटरकडे नेली आणि सांगितलं मला पुढचं काही नको, मागचं उघड. दांडी बघितली तर एक्सलच्या बाजूचं रबरी बुश गेलेलं, आर्मवर चिखल बसून दगड झालेला, हाताने हलेना. म्हणजे पाट्यांमुळे व्हॉल्व्ह रिकाम्या गाडीवर अडकला होता आणि वर गंजून तिथेच जाम झाला होता. घासलं, गंजाचं तेल मारलं, एक रात्र ठेवलं, आर्म हलायला लागला पण आतला पिस्टन अडकत होता, सोडला की परत येत नव्हता. व्हॉल्व्ह नवीनच टाकावा लागला आणि तो मिळायला दीड महिना गेला, तोपर्यंत गाडी फक्त सपाटीच्या भाड्याला.

त्या दीड महिन्यात दोन ड्रायव्हर दोस्तांनी एकच सल्ला दिला, आर्म तारेने वर बांधून टाक, मागे कायम फुल ब्रेक. कृपया हे करू नका. माल असेल तोवर छान वाटेल, पण रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होणार आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघणार. रिकामी पिकअप मागून कागदासारखी हलकी असते. व्हॉल्व्ह काढून पाइप सरळ जोडून टाकणारेपण आहेत, त्याचाही शेवट तोच.

तोपर्यंत मागचे ड्रम खोलले. डाव्या बाजूला एक्सलचा ऑइल सील गेलेला, गिअर ऑइल थेट लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या थरावर. फिटर म्हणाला पेट्रोल टाकून जाळून देतो, चकाचक होतील. होत नाहीत. वरचं तेल जळतं, लायनरच्या आत मुरलेलं तसंच राहतं, ड्रम तापला की परत वर येतं, आणि मग एकच चाक कधी सरकतं कधी चावतं. तेल लागलेले शू फेकायचे, आणि फेकायचे ते दोन्ही बाजूचे, एकाच बाजूला नवीन टाकले तर गाडी ओढणार. ड्रमच्या आत कडेला कड तयार झाली होती, ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो तो वाचून, मोजून, त्याच्या आत बसत होता म्हणून हलकं टर्निंग केलं. बसत नसता तर नवीन. लेथवाला काही ते वाचत नाही, त्याला तुम्ही सांगायचं. डिस्कवरपण तशीच कमीत कमी जाडी लिहिलेली असते. आणि हो, ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

ॲडजस्टर दोन्ही जाम. ही दातेरी चाकाची नटासारखी वस्तू शू घासले की आपोआप बाहेर सरकायला पाहिजे, ती गंजली की सरकत नाही, आणि पेडल दर महिन्याला थोडं थोडं लांब होत जातं. यात एक गंमत आहे: बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या ॲडजस्टरचे आटे उलटे असतात. कोणी खोलून बसवताना बाजू बदलली तर ॲडजस्टर शू ड्रमच्या जवळ आणायच्या ऐवजी लांब नेत बसतो. म्हणून एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी नमुन्याला तशीच ठेवा. अजून एक वाईट सवय, शू लांब गेले की हँडब्रेकची केबल ओढून घ्यायची. केबल ओढली की शू आपल्या जागेवर परत बसतच नाहीत आणि ॲडजस्टर काम करायचं थांबतो. आधी शू ॲडजस्ट, मग केबल. केबल सैल करून, मागच्या प्लेटच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने दात फिरवत जा, चाक हाताने फिरेना झालं की थोडे दात मागे घ्या, चाक अगदी हलकं घासत फिरलं पाहिजे. एवढं केल्यावरच माझं पेडल दोन बोटं वर आलं, तेव्हा नवीन व्हॉल्व्ह अजून आलापण नव्हता.

व्हॉल्व्ह आल्यावर वाढवलेले चारही पाटे काढून टाकले. यावर घरात वाद झाला, वडील म्हणाले गाडी बसेल. बसू दे ना, बसायलाच पाहिजे, व्हॉल्व्हला तेच तर कळतं. वाढीव पाटे ठेवून नुसती दांडी लांब-आखूड करून चालेल का हे मी विचारलं होतं, कंपनीच्या वर्कशॉपमधल्या माणसाने सांगितलं की पुस्तकातलं माप मूळ पाट्यांसाठी असतं, पाटे वेगळे असले की ते माप अंदाजपंचे. पुढच्या आणि मागच्या निपलला (हवा काढायची बारीक तोटी) प्रेशर गेज लावून, रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा बघून सेट करावं लागतं. ते रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये होत नाही. मूळ पाट्यांवर दांडीचं माप पुस्तकाप्रमाणे लावलं, गेज लावून खात्री केली, झालं.

आता हवा काढायचं, कारण इथेच सगळे चुकतात आणि मीपण चार वेळा चुकीचीच काढून घेतली होती. आमच्याकडे मागचं हाउसिंग जॅकने नाही, चेसी जॅकने उचलायची पद्धत, दोन्ही मागची चाकं हवेत, एक्सल खाली लोंबकळतोय. म्हणजे व्हॉल्व्हला वाटतं गाडी एकदमच रिकामी, तो मागचा रस्ता जवळपास बंद करतो, आणि तुम्ही मागच्या निपलमधून हवा काढत बसता. निघणार कशी? मागची हवा काढताना वजन चाकांवर असू द्या, किंवा घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) एक्सलच्या खाली लावा म्हणजे पाटे दबलेले राहतात. काही गाड्यांत व्हॉल्व्हवरच एक वेगळं निपल असतं, ते कोणी उघडत नाही. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे म्हणजे मास्टर सिलेंडर उजवीकडे, त्यामुळे सगळ्यात लांबचं चाक डावं मागचं, तिथून सुरू करून उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं, पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो.

दोन माणसं लागतात. मी पेडलवर पोराला बसवलं होतं, बाहेरून मी ओरडायचो "दाब... धर", निपल पाव फेरा उघडायचं, बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे येतात, निपल बंद, मग "सोड". निपल बंद व्हायच्या आधी पाय सोडला की हवा परत आत, पोराने दोनदा सोडला, तिसऱ्यांदा नाही सोडला, कारण ते इथे लिहीत नाही. डबी कधीच रिकामी होऊ द्यायची नाही. आणि पेडलच्या खाली एक लाकडाची फळी ठेवा, म्हणजे पेडल फ्लोअरला जाणार नाही. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये रबर रोज ठरावीक लांबीतच फिरत असतं, त्याच्या पुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो, हवा काढताना फुल्ल दाबलं की रबर त्या गंजावरून घासतं आणि फाटतं. हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी मास्टर सिलेंडर गेला, असं तुमच्याबरोबर झालं असेल तर बहुतेक हेच. माझा जुना मास्टर सिलेंडर तसाच गेला होता अशी मला आता दाट शंका आहे.

कितीही हवा काढा, पुढचं पेडल स्पंजीच, असं असेल तर कॅलिपरचं निपल कुठे आहे बघा. ते वरच्या टोकाला पाहिजे. काम करताना डावं-उजवं कॅलिपर बदललं गेलं तर निपल खाली येतं आणि वरची हवा कधीच बाहेर येत नाही.

मी सगळं जुनं ऑइल काढून डॉट ४ भरलं, सीलबंद छोट्या बाटल्यांतून. अर्धी वापरलेली बाटली शेल्फवर ठेवून वर्षाने वापरू नका, तिने पाणी ओढलेलं असतं. डॉट ३ ला डॉट ४ चालतं. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं वेगळं असतं ते यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र चालतं, नावावरून फसू नका. आणि इंजिन ऑइल, स्टेअरिंग ऑइल यातलं थेंबभरपण डबीत जाऊ द्यायचं नाही. रात्री रस्त्यात काही मिळालं नाही म्हणून आमच्या गावातल्या एकाने स्टेअरिंग ऑइल टाकलं होतं, सगळी रबरं फुगून भज्यासारखी झाली, मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलावं लागलं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो.

पुढचे रबरी होजपण बदलले. आठ वर्षांचे होते, पोराला जोरात पेडल दाबायला लावलं आणि होज मुठीत धरला तर फुगताना हाताला कळत होता. उलटंपण होतं, होज आतून सुजून बंद होतो आणि ब्रेक सोडला तरी ऑइल मागे येत नाही, मग एक चाक जाम राहून तापतं. त्यात कॅलिपरच्या पिना सुकलेल्या असतील तर दुष्काळात तेरावा महिना. पिनांना ब्रेकचं स्पेशल ग्रीस लावायचं, बेअरिंगचं साधं ग्रीस नाही, त्याने रबर सुजतं.

नवीन पॅड आणि शू टाकल्यावर लगेच माल भरून घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडवरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मध्ये किलोमीटरभर चालवून गार होऊ द्यायची, असं आठ-दहा वेळा. मी हे ओतूर रोडला सकाळी सहा वाजता केलं, दूधवाल्यांना वाटलं असेल याचं काहीतरी बिनसलंय.

एक सांगायचं राहिलं, नवीन मॉडेलला एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर मागचं प्रेशर तोच सांभाळतो, हा दांडीवाला व्हॉल्व्ह असेलच असं नाही, आणि हवा काढायला काही वेळा स्कॅनर लागतो, तिथे घरी हात घालू नका.

त्यानंतर आतापर्यंत ११ वेळा भरून उतरलोय. पेडल वरून खालपर्यंत एकसारखं, कडक. दर वेळी त्याच टपरीवर थांबून चारही चाकांवर थेंब शिंपडतो, रिमवर आणि ड्रमवर, तापलेल्या डिस्कवर ग्लास ओतायचा नाही, तडा जाईल. पुढची चाकं अजूनही जास्त तापतात, ते तसंच असतं, पण आता मागच्या ड्रमवरपण थेंब चरचरतो. क्रेट ७० च्या वर गेले की गाडी मागून बसलेली दिसते आणि वडील माझ्याकडे बघतात. दांडीचं माप मी चेसीवर पिवळ्या ऑइल पेंटने लिहून ठेवलंय, कारण पुढच्या वेळी पाट्यांचं काम करणारा दांडी खोलून बाजूला ठेवणार, कशीतरी बसवणार, आणि तोपर्यंत मीपण विसरलेलो असणार.